न गिळता

ओस्ट्राव्हा, चौथा मजला.
राडिम ओढ्याकाठच्या अल्डरची बोंडं उकळतो,
नोव्हेंबरात वेचलेली ओकची पानं घालतो,
पाणी कोऱ्या चहासारखं होईतो.
नळाचं चालत नाही. बाल्कनीतल्या पिंपातलं, पावसाचं.

त्यात चॉकलेट गुरामी. अंगठ्याएवढी मादी
अंडी तोंडात धरून अकरा दिवस उपाशी.
दार आपटलं की दचकते,
दचकली की गिळते.
मागच्या दोन खेपा लिफ्टच्या दाराने खाल्ल्या.

म्हणून व्लास्ता घरात लोकरी मोजे घालून चालते,
किटलीची शिट्टी काढून ठेवलीय,
आणि परवाचं भांडण
(खाण सुटताना मिळालेले पैसे
त्याने परस्पर भावाला दिले, ते)
अर्ध्यावर थांबवलंय.
मूग गिळून नाही बसलेली ती.
न गिळता बसलीय.

सोळाव्या रात्री राडिम कुजबुजत उठवतो.
बॅटरीवर लाल कागद.
पानाखाली सात, नऊ,
नाही, ते पानच हललं, आठ
स्वल्पविरामाएवढे जीव.
आई काचेपाशी,
रिकामा जबडा उघडून-मिटून बघतेय.

व्लास्ता बराच वेळ वाकून राहते.
मग एकेक मोजा काढते.
"हं," म्हणते, "तर तुझा भाऊ."