साडेबारा टक्के

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॉफी पिता का?
म्हटलं, आम्ही चहावाले.
खाडीत उतरण्याआधी चहा, वर आल्यावर चहा,
मयताहून परतलो तरी आधी अंघोळ, मग चहा.
त्या म्हणाल्या, कॉफी सुरू करा. बिनसाखरेची. दिवसाला दोन-तीन कप.
पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी दिसतो.

'दिसतो' म्हणाल्या.
'असतो' नाही म्हणाल्या.
तेवढं कानानं नेमकं धरलं,
सरकारी कागद वाचण्यात हयात गेली आमची.

मग टक्के सांगू लागल्या.
बाई, टक्के आम्हाला नका सांगू.
सारसोळ्याच्या माणसाला ते जन्मजात कळतात.
शंभर घेतले, साडेबारा परत देऊ म्हणाले,
त्या साडेबारासाठी बाप बेलापूरचे जिने चढत म्हातारा झाला
आणि प्लॉट निघाला तेव्हा
अंगठा लावायला बाप नव्हता.
टक्के म्हणजे कुणाच्या तरी शंभरातले.
त्या शंभरांत मी कितवा, ते सांगा.

बाई हसल्या नाहीत. चांगल्या आहेत.
म्हणाल्या, ते मलाही माहीत नाही, हिराजीकाका.

कमळाकर माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा.
आईनं दोघांना सारखंच दिलं:
हट्टी हनुवटी, मिठागराचा एकेक तुकडा,
आणि रक्तातला तो बी.
हिपॅटायटिस बी.
बियाणंच ते. पेरणारीला ठाऊक नव्हतं.
दारूला शिवला नाही कधी.
हळदीला अख्खं गाव झिंगायचं,
हा सोड्याची बाटली धरून कोपऱ्यात.
पुढे डोळेच हळदीचे झाले, पोट घागरीएवढं,
तरी खांदा द्यायला आलेले कुजबुजले,
चोरून घेत असणार.
न पिता पिऊन गेला माझा भाऊ.

आता मी पितो.
सेक्टर आठला, सदानंद शेट्टीकडे,
पितळी वाटी-पेल्यात, काळीकुट्ट.
पहिल्या दिवशी जळक्या चिंचोक्यांचं पाणी वाटली.
दूध? साखर? काहीच नको? डाएट काय, काका?
म्हटलं, नवस आहे.

सहा महिन्यांनी वाशीला सोनोग्राफी.
थंडगार जेली. श्वास धरा. सोडा. धरा.
पडद्यावर माझं काळीज.
मशीनवाली पोरगी लिव्हर म्हणते, कागद यकृत म्हणतो,
खाटीक कलेजी म्हणतो,
(कमळाकर गेल्यापासून घरात आणत नाही)
आई काळीजच म्हणायची,
काळजी तिथंच मुरते म्हणायची.
मला दिसतो ओहोटीनंतरचा चिखल,
करडा, खडबडीत.
असा चिखल मला वाचता येतो.
लहानपणी निवटीचं बीळ मी लांबून दाखवायचो,
हात घालायचा कमळाकर.
आता बीळ दिसू नये म्हणून बघतो.
पोरीचा अंगठा बटणावर थबकला
की न सांगता श्वास धरला जातो.

काही नाही, काका. पुन्हा सहा महिन्यांनी.

हे कॉफीनं, की रोजच्या गोळीनं,
की कमळाकरनं माझ्याही वाटणीचं नेलं म्हणून?
शेट्टीला विचारलं.
तो म्हणाला, चाळीस वर्षं विकतोय,
मी स्वतः चहा घेतो.

नातीला जन्मल्या रात्रीच सुई दिली,
मग वेळच्या वेळी बाकीच्या.
वॉर्डभर भोकाड पसरलं होतं तिनं.
आता चहात खारी बुडवते,
तुकडा तळाशी गेला की बोटानं शोधते,
माझ्या पेल्यात डोकावून नाक मुरडते:
ईऽऽ, कडू.

तिच्या वेळी मात्र
मी कुणालाच टक्के विचारले नाहीत.