लांब दांडा

श्कोडरमधल्या आमच्या देवळाचं व्यायामगृह झालं
तेव्हा मी पाच वर्षांची होते.
घंटा उतरवली, वितळवली.
तिचे नळ केले, असं लोक म्हणायचे;
म्हणून आई नळ सोडला की
क्षणभर थांबायची, मग भांडं खाली धरायची.

भिंतीवरचे संत चुन्याखाली गेले.
गुणांच्या फळ्यावर एकाचं पाऊल तेवढं राहिलं.
रंगाऱ्याची शिडी तिथवर पोचली नसावी,
किंवा रंगाऱ्यालाच पोचायचं नसावं.
वेदी होती तिथून आम्ही व्हॉलीबॉलची सर्व्हिस करायचो.

प्रेंडा फरशी पुसायची.
पहाटे साडेपाचला. बादली, फडकं, गुडघे.
दारापासून सुरुवात करायची आणि सगळ्यात शेवटी
सर्व्हिसच्या रेषेमागची ती दोन हात जागा.
तिथे फडकं तेच, पाणी मात्र बदलून आणायची.
डोकं इतकं खाली, की कपाळाला ओल लागावी.
ओठ हलायचे.
मला वाटायचं, फरशीच्या फटी मोजते.

तिसरीत बाईंनी विचारलं,
"घरी, शेजारी, कुणाला गुडघे टेकताना पाहिलंय?"
त्या वर्षात पहिल्यांदाच
मला एका प्रश्नाचं उत्तर येत होतं.
मी हात वर केला.

प्रेंडाला कुणी नेलं नाही.
फरशी पुसणाऱ्या बाईला गुडघ्यांचा जाब
काय म्हणून विचारणार?
कॉम्रेड पेट्रित आले, दोनदा खाकरले,
आणि तिच्या हातात लांब दांड्याचा पोछा दिला.
कामगाराच्या पाठीची काळजी, असं कागदावर लिहिलं होतं.
तिने सही केली. आभारसुद्धा मानले.

आठवड्याने दांडा मोडला.
दुसराही मोडला.
तिसरा भिजून कुजला, म्हणाली.
चौथा लोखंडी आला, त्यावर नंबर कोरून.

मग ती उभ्याने पुसू लागली, ताठ, पहारेकऱ्यासारखी.
रेषेमागे पोचली की
एकदा वरून खाली ओढायची, एकदा डावीकडून उजवीकडे,
आणि बादली उचलून चालू लागायची.
उन्हाळ्यात ते चार मिनिटांत वाळायचं.
जानेवारीत मात्र
आम्ही मुली बुटांच्या नाड्या बांधत असायचो
तेव्हाही फरशीवर ओलं असायचं.

मी तेरा वर्षांची. सर्व्हिस माझी.
पाय उचलला, आणि ठेवायला जागा सापडेना.
पार मागे सरून मारलं. चेंडू जाळ्यात.
"काय झालं?" कोच ओरडले.
मी म्हटलं, "निसरडं आहे."
"ए बाई, ते लांबलचक लाकूड... लोखंड, काय ते, ठेव बाजूला!
कोरडं फडकं आण, हाताने पूस.
पोरींचे पाय मोडायचे आहेत का?"

प्रेंडाने दांडा भिंतीला टेकवला.
माझ्याकडे पाहिलंही नाही.
आणि सगळ्या संघासमोर, कोचच्या हुकमाने,
गुडघे टेकले.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी
मला निसरडं लागायचं.
एकदा खरीच घसरले;
थंडीत मनगट अजून दुखतं.
संघातून काढलं तेव्हा शेऱ्यात लिहिलं होतं:
पायांवर भरवसा नाही.

पुढे दारं उघडली. कशी, ते सगळे आपापल्या परीने सांगतात.
डोम लेका खाणीतून परतले, दात नसलेले,
शब्द विसरलेले, पुन्हा आठवत असलेले.
वेदी नेमकी कुठे होती यावर म्हाताऱ्यांची भांडणं लागली.
प्रेंडा पुढे आली आणि दांड्याच्या टोकाने
दोन हात जागा दाखवली.
तिचे गुडघे आता वाकत नव्हते.

मिस्सा व्हायच्या आधी तिला गाठलं.
म्हटलं, "तिसरीत असताना तो हात मीच..."
"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्या वर्गात
माझ्या आळीतली तू एकटीच होतीस."

मी उभी.
तिने पायाने बादली माझ्याकडे सरकवली.
"हे गढूळ झालंय. बदलून आण."