कोमट

गुरुवारी रात्री
फ्रीझरमधली एक पुडी काढून मी खाली फ्रिजमध्ये ठेवते.
वरच्या कप्प्यात किसलेला नारळ, वाटाणे, सुरमईच्या तुकड्या.
खालचा कप्पा तिचा.
डब्यावर चिकटपट्टी लावून मीच लिहिलंय: ‘जिलबीचं’.
संक्रांतीला आलेल्या कारखानीसबाई
गोडाच्या आशेनं तो उघडायला निघाल्या होत्या.

रात्रभरात उंदीर आपोआप सुटतो.
घाई नाही करायची, निनादनं लिहून ठेवलंय.
मायक्रोवेव्ह नाही. ओट्यावर उघडा टाकायचा नाही.
उकळतं पाणी तर नाहीच, कातडी फाटते.
निबंधाला चार ओळी न सुचणाऱ्या मुलानं
सापाच्या जेवणावर दोन पानं लिहिली,
समासासकट.

सकाळी पुडी तशीच बंद, कोमट पाण्यात.
खरी गोम इथे आहे.
ऑगस्टात सालमियात गार नळाला गार पाणी येत नाही.
टाकी गच्चीवर, आणि गच्ची म्हणजे तवा.
गीझर मात्र जूनपासून बंद,
त्यात साठलेलं तेवढं निवतं.
म्हणून गरम नळ गार आणि गार नळ गरम.
नव्यानं आलेल्याला हे कळायला एक उन्हाळा जातो.
माझे एकोणीस झाले.
दोन्ही नळांचं पाणी पातेल्यात मिसळते
(पातेलंही वेगळं, कानाला लाल दोरा बांधलेलं)
आणि मनगटावर थेंब टाकून बघते.
तीन महिन्यांचा होता
तेव्हा बाटलीतलं दूध असंच बघायची.

कान, पाय, शेपूट लवकर मऊ पडतात.
पोट फसवतं.
पिशवीवरूनच अंगठ्यानं दाबायचं.
आत खडा लागला की पाणी बदलायचं, परत थांबायचं.
तिला काही कळत नाही, ती तसाच गिळेल,
आणि दोन दिवसांनी ओकून टाकेल.

हे म्हणाले होते, विमानतळावरून परतताना,
देऊन टाकू कुणालातरी.
शुक्रवारच्या बाजारात गेलोही होतो.
ससे, पोपट, पिंजऱ्यांवर ओली पोती.
गाडीतून मी उतरलेच नाही.
काचेची पेटी मांडीवर,
आत ही, नावासारखी वेटोळी घालून.
एसी तिच्याकडे वळवलेला.
परत येताना दोघं एक अक्षर बोललो नाही,
मग ह्यांनीच वाटेत थांबून तिच्यासाठी लाकडाचा भुसा घेतला.

टिपकागदानं कोरडा करायचा. लांब चिमटा.
थोडा हलवायचा, जिवंत असल्यासारखा.
हे मला अजून जमत नाही.
माझ्या हातात तो मेल्यासारखाच हलतो.
तरी ती झेपावते,
तीन वेढे घालते,
मेलेल्याला पुन्हा मारते, नीट, वेळ घेऊन.

कात टाकायच्या दिवसांत तोंड फिरवते.
तेव्हा तो परत फ्रीझरमध्ये नाही.
एकदा सुटलेला तो सुटला.
दोन पिशव्यांत बांधून खाली कचऱ्यात,
हारिस विचारतो, मदाम, मच्छी?
मी मान हलवते.

मग हातमोजे, बेसिन, साबण, पुन्हा साबण.
पोळ्यांची कणीक त्यानंतरच.

संध्याकाळी हॅलिफॅक्सहून फोन येतो.
खाल्लं का तिनं?
खाल्लं.
डोक्याकडून?
डोक्याकडून.
दोन दिवस उचलू नकोस हं तिला.
नाही उचलत.
मग मागे नळ वाहत असल्याचा आवाज,
तिकडचा, ज्याला गार म्हणजे गारच येत असेल.
तू काय खाल्लंस?
फ्रोझन होतं काहीतरी.
मधे नीट गरम झालं होतं का, मी विचारते,
दाबून पाहिलंस?
तो हसतो, की लाईन खरखरते.

पेटीत तिच्या अंगावर एक उंचवटा,
सकाळपासून बोटभर खाली सरकलेला.