इडवालची बैठक

अडतीस वर्षं बस चालवली या माणसानं,
बेथेस्डा ते बँगर, बँगर ते बेथेस्डा.
माझी अर्धी शाळा त्याच्या आरशात झाली,
म्हणून आमचं अरेतुरे.
आता निवृत्तीच्या पैशातून घेतलेली
ही पिवळी, दोन माणसांची, गुडघ्याएवढी गाडी
माझ्या शेडच्या दारात लावून म्हणतो,
"नेस्ट, पाठ धरते. सीट बघ जरा."

सीटला काही झालेलं नाही.
तो तिच्यात अजून बसलेलाच नाही.
टेकलाय फक्त, काठावर,
लग्नघरात परकं माणूस टेकतं तसा,
कोपरं बाहेर, छाती पुढे,
आणि एवढंसं स्टीअरिंग धरलंय
मोठ्या परातीसारखं.

बूड मागे सरकव, म्हणते मी. अजून.
शेवटच्या मणक्याला विचार, भिंत लागली का.
"लागली."
खोटं. माझी मूठ शिरतेय मधल्या फटीत.
क्लच तळापर्यंत दाब. गुडघा ताठ होतो?
मग दोन खाचा पुढे.
खट्.
खट्.
आता हात लांब कर, मनगट ठेव चाकाच्या माथ्यावर,
खांदे उचलायचे नाहीत.
उचलतो.
मी दोन्ही हातांनी ते खाली दाबून धरते,
आणि ते उतरतात, कुरकुरत, एकेक करून,
शेवटच्या थांब्यावरच्या प्रवाशांसारखे.

सगळं जमलं. तरी गप्प बसलेला.
"दिसत नाही गं काही."
रस्ता दिसतोय ना?
"रस्ता दिसतो."
मग?

मग सांगू लागतो. भिंतींच्या पलीकडचं.
ट्रेगार्थच्या उतारावर कुणाची मेंढी व्यायली,
कुणाच्या दोरीवर पाळण्यातल्या पोराचे कपडे आले,
कुणाच्या छपराची पाटी सरकली
(तो पुढच्या फेरीला हॉर्न वाजवून सांगायचा),
खाणीचा जांभळा ढिगारा,
आणि हवा अगदीच लख्ख असली
तर समुद्र. सुरीच्या पात्याएवढा.
"रोज आठ वेळा बघायचो, नेस्ट.
जमीनदार काय बघेल असं."

मी पाना शोधायला लागते.
सीटच्या चारही बोल्टांखाली चकत्या घालते, एकावर एक,
त्याचं डोकं आणि छप्पर यांत
एक बोट जाईल इतपत.
एक बोट उंची. याहून जास्त
द्यायला माझ्याकडे नाही.

निघालो. मी डावीकडे.
गल्लीसारखा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती.
शेत नाही, दोरी नाही, समुद्र तर नाहीच.
नुसते दगड, जवळून, एकामागून एक,
फटींतलं नेचं, फाटकाखालून मेंढ्यांचे नुसते पाय.
"शेवाळात पिवळं पण असतं?"
असतं.
"अडतीस वर्षं..." म्हणाला, आणि वळण आलं.
ते त्यानं घेतलं तेव्हा मला कळलं,
पाठ टेकली.
बस आवाजानं सांगायची, म्हणाला,
ही बुडाखालून सांगते.

पुढचं वळण जरा जास्तच खुशीत.
त्याच्या पुढचं मी डोळे मिटून.

आणि चढावर, चॅपेलच्या कोपऱ्यावर,
गाडी अलगद कडेला आली, थांबली,
हँडब्रेक लागला.
त्याचा हात डॅशबोर्डवर चाचपडत होता,
दार उघडायचं बटण शोधत.
समोर बसथांबा. थांब्यावर मिसेस पॅरी,
दोन पिशव्या, एक छत्री.
ती वाकली. आणखी वाकली.
"इडवाल? तू खाली काय करतोयस?"

बटण नव्हतंच. दार मीच उघडलं,
मीच उतरले. दुसरं काय करणार?
तिला धरून आत सोडताना
त्याचा आवाज ऐकला, पक्का, मास्तरासारखा,
"आधी बूड. पाय मागून. आणि पाठ पूर्ण टेकव, पॅरी,
काठावर बसू नकोस."

पिशव्या मांडीवर, छत्री खिडकीतून बाहेर,
पिवळा ठिपका चढावर गेला.
मी वेळापत्रक वाचलं.
पुढची बस चाळीस मिनिटांनी.