पोर्ट सतरा

धंतोली, मे महिना, रात्रीचा दीड.
भिंतीला हात टेकवला की दुपार लागते.
एसी शनिवारपासून आजारी, म्हणून दारात कूलर,
पण ओलावा रॅकला मानवत नाही,
पाणी काढून टाकलंय मी,
वाळ्याच्या कोरड्या ताट्या नुसत्याच खुळखुळतात.

एका रॅकमध्ये पाच स्विच, एकावर एक.
सात वर्षं एकमेकांची आच सोसली
आणि ओळख नाही.
पत्ता ज्याचा त्याचा, पासवर्ड ज्याचा त्याचा.
एक ढबाले सरांच्या मुलीचं नाव,
एक कुणाच्या तरी स्कूटरचा नंबर,
एक कुणालाच माहीत नाही.
ओपीडीत एवढंसं बदलायचं तर पाच दारं ठोठवा.

आज त्यांना एक करायचंय.
जाड, आखूड केबल. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
शेवटची पाचव्यातून परत पहिल्यात.
ती शेवटची विसरली तरी चालतं,
मधली एखादी तुटेपर्यंत.

मुख्य कोण, हे ते आपसांत ठरवतात.
तुम्ही काही बोलला नाहीत
तर जो सगळ्यांत आधीपासून जागा आहे तो,
म्हणजे तळातला, खोकणाऱ्या पंख्याचा.
मी बोलले. तिसऱ्याला पंधरा दिले, म्हाताऱ्याला एक.
दोन मिनिटांत निकाल लागला.
ढबाले सर गेल्यावर आमच्या खात्याला
अकरा महिने झाले, अजून लागायचाय.

मुख्याचं लिखाण तेच आता सगळ्यांचं,
बाकी चौघांचं पुसलं जातं.
पुसण्याआधी ओळीनओळ वाचलं.
चौथ्यात, पोर्ट सतरासमोर, रोमन अक्षरांत
निमजेने लिहून ठेवलेलं:
गेडामबाईचा प्रिंटर. हात लावसान त चाय बंद.

निमजे नोकरी सोडून गेला, कुठे ते माहीत नाही.
गेडामबाई निवृत्त होऊन वर्ध्याला.
प्रिंटर भंगारात.
त्या तारेच्या टोकाला आता तिसरा मजला, बेड सहा,
कुणाच्या तरी श्वासांचा आकडा.

लिल्हारे सिस्टरला आधीच सांगितलं होतं.
चार मिनिटं हाताने लिहीन म्हणाली, वही काढली.
चौथा विझला.
चार मिनिटं फार मोठी असतात,
मी कूलरच्या रिकाम्या टाकीत बघत बसले.
मग एकेक हिरवा दिवा.

शेवटी मुद्दाम एक केबल उपसली.
कुठे काही थांबलं नाही, वाट फिरून गेली.
लावली परत.

फोन वाजला.
"काहून जी, झालं का? का लिहीतच राहू?"
"झालं."
"मले तं काहीच समजलं नाही."
"तेच तर."

एक पत्ता. एक पासवर्ड, बंद पाकिटात,
पाकीट अधीक्षकांच्या कपाटात, किल्ली कुणाकडे ते उद्या विचारीन.
पोर्टच्या वर्णनाला जागा थोडी असते.
मजला टाकला, बेडचा नंबर टाकला,
आणि उरलेल्या जागेत, रोमनमध्येच,
चाय बंद.