काटा

निपाणीच्या या थेटरात माझ्या हातात सुरी नसते.
किराणा दुकानात असतो तसला एक काटा,
कोरे मॉप, ओले मॉप, भिंतीवर पाटी.
ओल्यातून कोरा वजा केला
की उरतं ते रक्त.

टेबलावर छबुताई कोगनोळे, वय तेहेतीस,
दिवसाला हजार विड्या वळणारी.
दोन दवाखान्यांनी सांगितलेलं, पिशवीच काढून टाका.
ती म्हणाली, "गाठी न्या की वो. पिशवी माझी हाय."

हिमोग्लोबिन सात.
बाईंनी तेव्हा सुरी उचललीच नाही.
तीन महिने पाळी थांबवली, शिरेतून लोह दिलं.
दर सोमवारी ती तंबाखूच्या वासाचं बोट पुढं करायची:
साडेसात, नऊ, साडेदहा.

आज पहाटेच्या बसनं बेळगावहून दोन बाटल्या रक्त आलं,
बर्फाच्या डब्यात, तिच्या भावाच्या मांडीवर.
डब्याला त्यानं टॉवेल गुंडाळला होता,
झोपलेल्या पोराला गुंडाळावा तसा.

"देतेय हं," बाई म्हणाल्या.
"कोडरी," पडद्यापलीकडून पट्टणशेट्टी सर,
नजर मॉनिटरवर.
सुई आत गेली आणि लालबुंद पिशवी
बघता बघता चुन्यागत पांढरी.
मग खाली रबरी नळीचा फास.
छबुताई, तूही असाच दोरा बांधतेस ना,
विडी सुटू नये इतका घट्ट,
पान फाटू नये इतका सैल?

चीर.
गाठ आणि पिशवी यांच्यामध्ये एक पातळ पदर असतो.
त्यातून बोट फिरलं तर गाठ आपसूक सुटून येते.
तसूभर इकडे तिकडे झालं की रक्त.
आमच्या भागात हद्द म्हटलं की फलकांना डांबर,
बंद बसगाड्या, कोर्टाची तारीख.
बाई मात्र बोटाच्या पेरानं हद्द चाचपतात
आणि तिच्यावरूनच चालत राहतात, गप्प.

पहिली गाठ. चाळीस ग्रॅम.
दुसरी, पेरूएवढी. पस्तीस.
तिसरी मागच्या भिंतीत, नारळच.
तिथं फुटलं.
मॉप. मॉप. अजून एक.
एकशे साठ लिहिताना खडू मोडला.
कुणी बोललं नाही,
नुसते टाके पडत राहिले, थरावर थर.

मग नळी सोडली.
सगळे वाकून बघत राहिलो.
एक मिनिट. दोन.
कोरं.
सक्शनच्या बाटलीतलं पंचेचाळीस धरून
दोनशे ऐंशी.
बेळगावचं रक्त फ्रीजमध्ये तसंच.

संध्याकाळी तिचे ओठ हलले.
"किती गेलं?"
मी आकडा सांगितला, जरा ऐटीतच.
सोळा वर्षं जिला तंबाखू मापात मारून मिळाली,
वर छाट म्हणून मूठभर विड्या रोज बाजूला पडल्या,
ती डोळे न उघडता म्हणाली,
"काटा बरोबर हाय न्हवं तुमचा?"

मी थेटरात परत गेले.
दिवा लावला.
शंभर ग्रॅमचं वजन ठेवून पाहिलं.