हातचा

युद्धाआधी मी ओमदुर्मानमध्ये पाण्याचे मीटर वाचायचे.
काच पुसायची, आकडा टिपायचा,
मागच्या महिन्याचा वजा करायचा.
कोणी पेलाभर करकदे द्यायचं, कोणी शिव्या.
आकडा कधी मागे सरकलेला दिसला
तर साहेब म्हणायचे, मीटर उलटा बसवलाय,
चोरी आहे ही.

आता अतबराला, रेल्वेच्या कारखान्यामागे
एका खोलीत बसते. फोन येतात.
तारीख. वस्ती. काय झालं. कोणी पाहिलं.
पाचवा रकाना मृतांचा
आणि आकड्याआधी एक शब्द, नियमानं:
किमान.
किमान चार. किमान अकरा.
चहावालीच्या शेगडीपाशी, किमान एक.
दोन वर्षं झाली, या शब्दाची सवय होत नाही.
भाव याहून खाली उतरणार नाही
एवढीच काय ती हमी.

साक्षी दोन हव्यात, एकमेकांना न ओळखणाऱ्या.
एकाच साक्षीवर मेलेला माणूस
वेगळ्या पानावर थांबतो.
महिनाअखेर ते पान मी पुढे नेते,
शाळेत बेरजेच्या डोक्यावर
बारीक अक्षरात लिहायचो ना, हातचा,
तसं.

नावं तऱ्हेतऱ्हेनं येतात.
मुदस्सिर इद्रीस. मुदथ्थिर इद्रिस कुकू. इद्रीसचा मुदस्सर.
वय एकोणीस, वय वीस, वय "नुकती मिशी फुटलेला".
वस्ती तीच, उंबदा. मंगळवारची रात्र म्हणा
की बुधवारची पहाट, गोळा तोच.
मी तीन ओळींची एक केली.
या कामात एवढंच सुख आहे,
खोडल्यावर इथे माणूस मरत नाही.
दोघं उठले आणि पानावरून चालते झाले.
त्या संध्याकाळी मी अर्धा किलो खजूर आणला,
घरमालकीण मसर्राच्या ओंजळीत ओतला.
कशाचा, ते सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी एका बाईचा फोन.
आवाज खरवडलेला, मागे बकरी ओरडत होती.
म्हणाली, पोरी, तुझ्या यादीत एकच आहे.
आमचे दोन होते.
पणजोबाचं नाव दोघांना ठेवलेलं,
माझ्या पोराला आणि जावेच्या.
घरात एकाला मोठा म्हणायचो, एकाला डावरा.
एकाच खड्ड्यात पुरले, फुटबॉलच्या मैदानात,
गोलच्या खांबाजवळ.
मोठ्याच्या पायात बूट होते.

मी विचारलं, विचारावंच लागतं:
डावऱ्याला कोणी पाहिलं?
मी.
आणखी कोणी?
बराच वेळ नुसती बकरी.
मग म्हणाली, खड्डा खणणारा होता, दफल्ला.
तो पुढच्या शुक्रवारी गेला.
तुझ्याकडे असेल बघ.

होता. किमान सातमधला तिसरा.

तिला काय सांगू, नियम माझा नाही म्हणून?
अर्धा तरी माझाच आहे,
मीच तर म्हटलं होतं बैठकीत, आकडा असा हवा
की उद्या कोर्टात कोणी बोट ठेवू नये.
फोन ठेवण्याआधी ती असंच काहीतरी बोलत राहिली.
त्याची वही फार स्वच्छ असायची, म्हणाली.
आपली लिपी उजवीकडून चालते,
उजव्या हाताखाली ओली शाई फिसकटते,
त्याची नाही फिसकटायची.
मास्तर सगळ्या वर्गाला वही दाखवायचे.

मसर्रा खजुराच्या बिया अंगणात वाळवत होती.
कोंबड्यांना कुटून घालीन म्हणाली.

मग दार लावून घेतलं,
वेगळ्या पानावर त्याची ओळ पुन्हा उघडली.
साक्षी: एक. नातं: चुलती.
बाकीचं संगणकात आहे,
पण नाव मी कागदावर लिहून पाहिलं,
डाव्या हातानं.
वेडंवाकडं आलं, माझं मलाच लागत नाही.
शाई मात्र
कुठेच फिसकटलेली नाही.